बाबांचा नंबर

कर्जतच्या बाजारात एका कापडवाल्याच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बुद्धिबळाचा डाव पडायचा. नियम एकच: हरेल त्यानं उठायचं, नंबर असेल त्यानं बसायचं. माझे बाबा कारकून. कचेरीतून येताना ते ओट्याखाली, रस्त्यावर उभे राहून नंबर लावायचे. त्यांचा नंबर आला की कापडवाले "चला, उशीर झाला" म्हणत सोंगट्या डब्यात भरायला घेत. आम्ही बौद्धवाडीतले. कारण कुणी सांगत नसे, आणि बाबाही विचारत नसत. मला त्यांच्या न विचारण्याचाच जास्त राग यायचा.

बघून बघून शिकलेला खेळ त्यांनी घरी मला शिकवला. सुरुवात कायम उंटापुढच्या प्याद्यानं, कडेकडेनं. "मधली घरं घेऊ दे की त्यांना. सांभाळता सांभाळता दमतील." मला वाटायचं, हा माणूस पटावरसुद्धा मध्ये पाऊल टाकायला घाबरतो.

गेल्या वर्षी खालापूरच्या हौशी स्पर्धेत माझ्यासमोर तेच कापडवाले आले. केस पिकलेले, बाकी ऐट तीच. बाबा भिंतीकडच्या बाकावर बसले होते. मला बक्षीसबिक्षीस काही नको होतं. हा माणूस बाबांच्या डोळ्यांदेखत हरून खुर्चीवरून उठायला हवा होता, बस्स.

मी उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. ते हसले आणि मधली घरं बळकावून बसले. मी दुसरा उंट कोपऱ्याजवळून तिरका रोखून ठेवला आणि वाट बघितली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची मधली प्यादी एकेक करून गळाली, मग एक हत्तीही गेला. शेवटी त्यांनी राजा आडवा केला.

"कुणाकडून शिकलीस गं हे?"

"बाबांकडून. ते तुमच्या ओट्याखाली उभं राहून शिकले."

त्यांनी बाकाकडे पाहिलं. "असं होय? यांना कधी खेळताना बघितलं नाय." आणि उठून जेवायला गेले. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

पण खुर्ची तर रिकामी झाली होती. "बाबा, बसा. तुमचा नंबर."

बाबा आले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं. मग उभ्याउभ्याच एकेक सोंगटी डब्यात भरायला लागले.

"चल गं," म्हणाले, "उशीर झाला."

बाहेर टळटळीत दुपार होती.