मिशांचा मासा

मथुराबाई गावडे यांना आयुष्यात कधी कोणी फसवलं नाही, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. तुम्ही म्हणाल, न फसण्याचं कसलं आलंय दुखणं! तर ऐका.

बाई मूळच्या आंबोलीच्या. घाट उतरून मालवणकडच्या या हायस्कुलात गणित शिकवायला आल्या आणि इथेच रमल्या. रमल्या म्हणजे काय, राहिल्या. या शाळेत एक एप्रिलची रीत जगावेगळी. ज्याची फजिती करायची त्याच्या पाठीवर गुपचूप कागदाचा मासा लावायचा. ही रीत बारा वर्षांपूर्वी आणली याच शाळेतल्या डोरथी टीचरच्या नवऱ्याने, आर्थरने. तो जहाजावर कामाला होता. फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात पोरांनी त्याच्या पाठीवर असा मासा चिकटवला आणि हा बाबा तसाच बाजारभर हिंडला. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं म्हणे, पूर्वी तिकडे नवं वर्ष एप्रिलच्या तोंडावर साजरं व्हायचं. राजाने ते जानेवारीत नेलं. ज्यांना पत्ता नव्हता ते जुन्याच दिवशी नाचत राहिले, त्यांची ही थट्टा. खरं-खोटं देव जाणे! आर्थर म्हणायचा, "आमच्या शिमग्याचोच धाकटो भाव तो!"

आणि मासा म्हटल्यावर मालवणची पोरं मागे राहतात होय? बांगडा, पापलेट, सुरमई, सगळं हुबेहूब. मधल्या सुट्टीपर्यंत डोरथी टीचरच्या पाठीवर दहा-बारा मासे लटकायचे. ती खदखदून हसायची आणि एकेक मासा बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची.

मथुराबाई मात्र त्या दिवशी घरी गेल्या की दार लावून पदर उलटून बघायच्या. कोरा! बारा वर्षं कोरा. मग काय, अंगाचा नुसता तिळपापड. या डोरथीत असं काय आहे? फळ्यावर तिची ओळ कधी सरळ येत नाही, वर्गात गोंधळ, वह्या तपासायला महिना लावते. आणि पोरांचा जीव हिच्यावर! आमच्याकडे गणितात एक पोर नापास होत नाही, पण आमची पाठ कोणाला दिसत नाही.

यंदा मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. म्हणजे हा शेवटचा एक एप्रिल. सकाळी त्यांनी स्वतःच कात्री घेतली, मासा कापला, पदराच्या पाठीकडच्या बाजूला टाचणीने लावला आणि शाळेत गेल्या. लाज वाटली का? वाटली की. पण हौस लाजेपेक्षा मोठी होती.

नववीच्या वर्गात फळ्याकडे वळल्या आणि कान टवकारले. एक तरी हसेल! कसलं काय, वर्ग चिडीचूप. पोरांची घाबरगुंडीच उडाली होती. तास संपल्यावर व्हरांड्यात सत्यवान शिपाई धावत आला.

"बाई, वायच थांबा," म्हणत त्याने मासा अलगद काढला. "पोरांनी आगाऊपणा केल्यानी. रागवा नकात, मी तेंका दम देतंय."

मान राखला हो त्याने. बाईंना तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

सत्यवान त्यांच्यामागून शिक्षकांच्या खोलीत आला आणि मासा टेबलावर ठेवून म्हणाला, "बघा, कोणाचा काम ता!" डोरथीने मासा उचलला. त्याला लांब मिशा होत्या. समुद्राकाठचं पोर असा मासा काढेल? असले मासे बाईंच्या आंबोलीच्या ओढ्यात. डोरथीने बाईंकडे एकदाच पाहिलं. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"अरे सत्यवान, ह्यो मासो माझो!" डोरथी म्हणाली. "मथुराक फसवलंय मी!"

सगळे हसले. बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हसू आलं, आणि बाईंच्या काळजात चर्र झालं. हासुद्धा हिचाच? माझ्या हाताने कापलेला मासासुद्धा हिच्याच नावावर? घंटा झाली, सगळे वर्गांवर गेले. डोरथी तो मासा डब्यात टाकायला निघाली तेव्हा बाईंना राहवलं नाही.

"दे तो इकडे. माझा आहे. तुला डबाभर मासेही पुरत नाहीत का गं?"

डोरथीने मासा दिला. मग डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"ह्यात सगळ्यांचे मासे आसत, मथुरा. पोरांचे, सत्यवानाचे, हेडसरांचेसुद्धा. तुझो एकय नाय. दरवर्षी घराक जाऊन मी शोधतंय."

स्वतःची पाठ बाईंनी बारा वर्षं तपासली होती. दुसऱ्या कोणाच्या पाठीकडे हात मात्र कधी गेला नव्हता.

डोरथी खडू घेऊन वर्गाकडे निघाली. "थांब, तुझा पदर सुटलाय," असं म्हणत बाई तिच्या मागे गेल्या आणि टाचणी लावली. थोड्याच वेळात पलीकडच्या वर्गात हसण्याचा एकच गलका उठला. बाईंना पुन्हा हेवा वाटला. तरी वर्गावर जायचं सोडून त्या दाराशी उभ्या राहून ऐकत राहिल्या.