डाव्या खिशातलं फडकं

मिस्त्रीचा उजवा तळहात हिवाळाभर फुटलेला असायचा. त्या लहानशा विमानतळावर दोनच विमानं, तीही उघड्यावर उभी. रात्रीतून पंखांवर हिम धरायचं, साखर भुरभुरावी तसं पातळ. नवखा कुणी म्हणाला, "एवढ्याशानं काय होतंय?" की मिस्त्री त्याचा हात धरून पंखावर फिरवायचा. "लागली खरखर? एवढ्या खरखरीनं पंखाची वाऱ्यावरची पकड सुटते. मग विमान म्हणजे नुसता पत्रा."

त्याची रीत ठरलेली. आधी कोमट पाणी ओतायचं, मग तळहातानं चाचपायचं, आणि शेवटी पंखामागच्या हलत्या पट्टीची बिजागरी कोरड्या फडक्यानं टिपायची. तिथं पाणी राहिलं तर वर गारठ्यात गोठतं, पट्टी जाम होते, आणि कललेलं विमान सरळ करता येत नाही. फडकी दोन. उजव्या खिशातलं उजव्या पंखाला, डाव्या खिशातलं डाव्याला. थोरल्या बहिणीनं, ताईनं, जुन्या चादरीची शिवून दिलेली.

ताईचा नवरा टपालाचं विमान चालवायचा. त्या सकाळी भावजी लवकर आले. मिस्त्रीचा उजवा पंख नुकताच आटोपला होता, डाव्यावर पाणी ओतून झालं होतं.

"काय रे मेव्हण्या, विमान धुतोयस की तान्ह्या बाळाला न्हाऊ घालतोयस?"

"बोलू नका. घरी तुम्हीच तासभर न्हाणीघर अडवता. ताई सांगते सगळं."

"तिला म्हणावं, नवरा गोरा होतोय, थांब जरा!"

हसता हसता मिस्त्रीनं चाकाखालच्या पाचरी काढल्या. विमान उडालं. टेकडीवर ढग बसले होते, पण विमान अजून त्यांच्या बरंच खाली होतं. तिथंच ते डावीकडे कललं. कललं ते सरळ झालंच नाही. बाहेर उभा होता तो एकटा मिस्त्री.

संध्याकाळी त्यानं खिशात हात घातला. डाव्या खिशातलं फडकं घडीसकट कोरडं होतं.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "धुकं होतं. दिसलं नाही." साहेबांनी लिहिलं, वैमानिक ढगात शिरला, विमानावर बर्फ साचलं. खापर मेलेल्याच्या माथी फुटलं. शेजारीपाजारी म्हणू लागले, धाडसाची हौस भोवली.

ताई एकच वाक्य घोकत राहिली. "ढगात शिरणार नाही, असा शब्द दिला होता मला त्यांनी."

बारा दिवस मिस्त्री ते फडकं खिशात घेऊन हिंडला. तेराव्या दिवशी तो ताईच्या स्वयंपाकघरात गेला आणि फडकं तिच्यापुढं ठेवलं.

"हे ओलं व्हायला हवं होतं, ताई. माझ्याकडून राहिलं. ते ढगात गेलेच नाहीत. मी पाहिलंय."

ताईनं घडी उलगडली. आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे शब्द पाळला त्यांनी," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून, त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आता जा. साहेबांना सांग. फडकं राहू दे इथं."

त्यानं सांगितलं. साहेबांनी आधीचा कागद फाडला, नवा लिहिला. मिस्त्रीचं काम सुटलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा तळहात फुटला नाही.