विंगेतला गजानन

गजाननला आम्ही कधी स्टेजवर चढू दिलं नाही.

'आम्ही' म्हणणं सोयीचं आहे. मी चढू दिलं नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून बघतोय, सगळ्यांच्या प्रोफाइलवर त्याचा फोटो आणि खाली जोडलेले हात. मंडळानं तर पोस्टर केलंय, 'आमचा आधारस्तंभ'.

खरंय. त्या स्तंभावर आपण जॅकेटं टांगायचो.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गजानन परभणीजवळच्या खेड्यातून ऑकलंडला पीएचडी करायला आला होता. माती हा त्याचा विषय. आम्ही मास्टर्सवाले, पुण्या-मुंबईचे, त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. युनिव्हर्सिटीच्या मराठी मंडळात फुल लायसन्स आणि मोठी गाडी फक्त त्याच्याकडे.

आयतीच सोय झाली.

सँडरिंगहॅमहून समोसे आण, हेन्डरसनहून सेटचं सामान आण, तालीम संपली की सगळ्यांना माउंट रॉस्किलला सोड. शनिवारी क्रिकेटची मॅच असली की स्कोअरर तोच. तीन वर्षांत एकदाही त्याच्या हातात बॅट दिली नाही. "गजूभाऊ, हे तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही," असं म्हणायचो आणि तो खूश व्हायचा.

एकांकिका बसवली तेव्हा प्रॉम्प्टरही अर्थात तोच.

शोच्या दिवशी सकाळी आमच्या हिरोला कोविड निघाला. हॉल बुक झालेला, लोकांना आमंत्रणं गेलेली. सगळे डोकं धरून बसले होते.

गजानन हळूच म्हणाला, "मी करू का? समदं पाठ हाय मला."

दोघं-तिघं हसले. मी दिग्दर्शक, त्यामुळे हसलो नाही. समजुतीच्या सुरात म्हणालो, "गजूभाऊ, रोल प्रोफेसरचा आहे. तुमच्या तोंडी नाही शोभणार."

त्या खोलीत युनिव्हर्सिटीत शिकवणारा माणूस एकच होता. आठवड्याला दोन ट्युटोरियल्स घ्यायचा, इंग्रजीतून. हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

"बरोबर हाय तुमचं," म्हणाला, आणि स्क्रिप्ट उचलून विंगेत जाऊन उभा राहिला.

रोल मी केला. मला निम्मी वाक्यं येत नव्हती. ती त्यानं विंगेतून मला दिली, मी प्रेक्षकांना दिली. टाळ्या मी घेतल्या.

रेकॉर्डिंग बघितलं तर त्यात त्याचा आवाज येत होता. माझ्या वाक्याआधी दर वेळी, परभणीच्या हेलात. मला लाज वाटली, आणि तीही चुकीच्या गोष्टीची. साउंडचं काम करणाऱ्या एका मित्राला सांगून तो आवाज काढून घेतला. मूळ फाइल डिलीट केली.

"स्वीट ॲज," मित्र म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "आता एकदम क्लीन आहे."

गेल्या वर्षी गजानन लॅबमध्येच कोसळला. हार्ट अटॅक. घरी फोन लावायची वेळ माझ्यावर आली. त्याच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गजू सांगायचा, तिकडं नाटकात असतो म्हणून. त्याचं शूटिंग असंल तर धाडा बाबा."

तो खोटं बोलला नव्हता. नाटकात होताच की.

मी व्हिडिओ पाठवला. दुसरं पाठवायला माझ्याकडे काही नव्हतंच.

दोन दिवसांनी त्याच्या भावाच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला. आवाज आईचा.

"समदं बघितलं. दोनदा बघितलं. ह्याच्यात माझा गजू कुठंय?"

वर्ष झालं. मी उत्तर दिलेलं नाही. आज देतो, सगळ्यांसमोर.

काकू, तो विंगेत होता. त्याला तिथं मी ठेवलं. निदान त्याचा आवाज तरी तुम्हाला ऐकू आला असता, तोही मीच पुसला.

गजूभाऊ, तुम्हाला श्रद्धांजली वाहायचा मला हक्क नाही.

तरी हात जोडतो.