गणपतीचं पाणी आणि दुबईचा रमजान

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, इराणचा भारी राग. इराण नकाशात कुठं आहे हे त्यांना मीच दाखवलेलं. मी तेव्हा बारामतीला कॉमर्सला होते आणि इंदापूरजवळच्या कळसला त्यांच्याकडेच राहायचे. आदल्या वर्षी त्यांची थोडी डाळिंबं मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत दुबईला गेली, नेमकी रमजानात. तिथं उपास सोडायला फळ लागतं, माल हातोहात खपला. तेव्हापासून तात्यांचा एकच प्रश्न, "तितं आपल्यासमोर उभा कोण ऱ्हातो?" उत्तर होतं, इराणचं डाळिंब.

मग काय, रविवार आला की स्वारी इंदापूरच्या मंडईत, चाचांच्या गाळ्यावर. चाचा फळांचे जुने व्यापारी, त्यांचा भाचा शारजाला नोकरीत. मीही मागोमाग जायचे, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नव्हतं.

"समदेच मुसलमान देश. ह्याला इकलं काय आन त्याला इकलं काय?" तात्या एकदा म्हणाले.

चाचा खो खो हसले. "तात्या, इंदापुरात दोन गल्ल्यांचा भाव एक नसतो, आन तुमी देशांचं बोलताय!" मग सांगतच सुटले. दुबईत डाळिंबाचं झाड नाही, पण जगाचा माल तिथं विकला जातो, कागदपत्रं झटक्यात होतात. इराणकडं बागाच बागा, फळ मोठं आणि दुबई अगदी समोर, पण थंडीबरोबर त्यांचा हंगाम सरत येतो. बांगलादेश जवळ, लोक खाण्याचे शौकीन, पण ट्रक सरहद्दीवर तटला की फळ नासलंच. मलेशियावाले तर एक कीड दिसली की सगळा माल परत. मी विचारलं, "मग ह्यात सगळ्यात हुशार कोण?"

"ज्याच्याकडं पिकत न्हाय आन तरी इकतो, त्यो," चाचा म्हणाले. मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते.

तात्यांनी मात्र एवढंच उचललं की थंडी सरल्यावरच्या रमजानात इराणवाला दमलेला असतो. ठरलं! औंदा सगळी बाग दुबईला. दर वर्षी बाग उचलणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी तोंडावर नाही म्हटलं. "निम्मी तरी द्या त्याला," काकू म्हणाली. ऐकतील तर ते तात्या कसले!

डाळिंबाचं पाणी आधी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडलं की बहर धरतो, तिथून साधारण सहा महिन्यांत फळ. तात्यांचा ताण गणपतीला सुटायचा. घरात आरती झाली की बागेत पाणी. आदल्या वर्षी ह्याच हिशेबानं फळ रमजानला तयार झालं होतं. पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि गणपती आदल्या वर्षीपेक्षा वीसेक दिवस लांबले. तात्या आपले गणपतीची वाट बघत बसले. रमजान मागंपुढं होतो हे आम्हाला ठाऊक होतं, पण आपल्या सणांसारखाच दोन-तीन वर्षांत फिरून जागेवर येत असेल, असा आमचा समज; म्हणजे गणपती लांबले तसा रमजानही लांबणार.

थंडी सरता सरता चाचा बागेत आले. "उद्यापासनं रमजान. माल निघाला का बघाया आलो."

फळं आकाराला आली होती, रंगाचा पत्ता नव्हता. तात्या म्हणाले, "रमजानला अजून महिना हाय की!"

चाचांनी डोक्याला हात लावला. त्यांच्यात अधिक महिना नसतोच. त्यांचा रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो, आणि आमचे गणपती तर पलीकडं गेलेले. दोन्ही मिळून अख्खा महिना चुकला होता.

ईद झाल्यावर बाग लालभडक झाली. निर्यातदार म्हणाला, आता नको. पुण्याच्या व्यापाऱ्यानं दुसरीकडं माल धरलेला. मला तात्यांचा असा संताप आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. शेवटी चाचांनीच फळ उचललं आणि भिगवणपर्यंतच्या हातगाड्यांवर ते पडेल त्या भावात गेलं.

शेवटची पाटी भरताना तात्यांनी विचारलं, "फुडल्या वर्षी पाणी आधी सोडलं तर?"

"एक-दोन वर्सं जमंल," चाचा म्हणाले. "पर रमजान सरकत सरकत थंडीत जाणार, इराणवाल्याच्या ऐन हंगामात."

"आन परत आपल्या हंगामात कदी येणार?"

"येतो की फिरून," चाचा हळूच म्हणाले. "बत्तीस-तेहतीस वर्सांनी."

साठी ओलांडलेले तात्या पाटीतल्या डाळिंबावरनं हात फिरवत राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजे मी न्हाय. तू असशील, ध्यानात ठेव." माझा राग कुठल्या कुठं गेला, मला रडूच फुटलं.