दसऱ्याच्या दिवसाचा बॅकअप

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. शिकून एवढं तरी शहाणपण यायला हवं, असं मला वाटायचं. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय… पण मन स्वस्थ बसू देत नाही.

वर्ध्याला नालवाडीत आमची लहानशी कृषी प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी विश्वासाने तिथले कॉम्प्युटर माझ्यावर सोपवले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बॅकअपची डिस्क लहान, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एकदा पूर्ण बॅकअप आणि मग रोज दुपारी आपोआप फक्त नवा बदल, अशी पद्धत मी लावली. जागा वाचते, वेळ वाचतो. खोट एकच — डेटा परत आणताना प्रत्येक दिवस क्रमाने जोडावा लागतो. मधली एक कडी बिघडली की पुढचं सगळं अडकतं.

पल्लवी आमच्याकडे एमएस्सीचा प्रकल्प करत होती. हिंगणीजवळच्या आमच्या प्लॉटवर कपाशीची बोंडं मोजायची, मोबाईलवर नोंदवायची, आणि लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये टाकली की मोबाईलमधून पुसायची. दिवाळीनंतर जंगलातली रानडुकरं शिरली आणि प्लॉट पार उलथून गेला. त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची हार्डडिस्कही गेली. पुन्हा मोजायला झाडं नव्हती. तिचं अख्खं वर्ष आता बॅकअपवर होतं.

रिस्टोअर दसऱ्याच्या तारखेला अडकलं.

“दसऱ्याले काय झालं होतं?” सरांनी विचारलं.

“मीच डिस्क ओढून काढली न सर,” पल्लवी म्हणाली. “तुम्हीच म्हणले, सगळं सामान पूजेत मांडा. बॅकअप चालू आहे, हे मले काय माहीत?”

“घ्या! डिस्कले हळदकुंकू अन् आपल्याले ठेंगा.” मग माझ्याकडे वळून सर म्हणाले, “पण त्या दिवशी कोणी कामच नाई केलं. रिकाम्या दिवसापायी काऊन अडून राह्यलं रे हे?”

“रिकामा असला तरी कडी आहे न सर ते.”

केबल बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. तेच.

“आणखी एक डाव लावा न दादा,” पल्लवी म्हणाली.

लावलं… आणि ते दसरा ओलांडून थेट शेवटपर्यंत गेलं!

पल्लवी रडता रडता हसली. नोंदी चाळता चाळता एकदम थांबली. दसऱ्याच्या तारखेला नोंदी होत्या. सगळ्या ओळींची बोंडं मोजलेली, आकडे मागच्या-पुढच्या दिवसांशी जुळणारे. खाली मराठीत शेरा — ‘चौथ्या ओळीजवळ कुंपण ढिलं.’

“हे मी नाई लिहिलं, दादा. मी शेरे इंग्रजीत टाकते.”

त्या दिवशी आम्ही सगळे पूजेत होतो. प्लॉटची किल्ली सरांच्या खिशात होती.

सर दुसऱ्या दिवशी प्लॉटवर जाऊन आले. डुकरं चौथ्या ओळीजवळचं कुंपण पाडूनच आत शिरली होती.

पल्लवीने त्या नोंदी प्रबंधात घेतल्या नाहीत. ती पास झाली. मी आता दर आठवड्याला पूर्ण बॅकअप घेतो. दसऱ्याची ती फाइल मात्र पुसलेली नाही. कितीतरी वेळा उघडायचा प्रयत्न केला — पण त्या दिवसानंतर ती एकदाही उघडली नाही.

तो शेरा कुणी लिहिला, मला माहीत नाही. पण कुंपण पडायच्या कितीतरी आधी कुणीतरी आम्हाला सांगत होतं… आणि नेमकं तेव्हाच आम्ही डिस्क काढून पाटावर ठेवली होती.