बाभळीचा खोडा

ओली बाभूळ चिरली की येणारा तुरट वास मला अजून सोसत नाही. विलायतेत आमचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला, त्या साली अकोल्याजवळच्या आमच्या गावात सुतारानं चावडीपुढं बाभळीचं खोड उभं चिरलं आणि सांध्यावर घोट्याएवढी दोन भोकं कोरली. आमचा कापूस वाहणारा गाडीवान तिथं थबकला. "काय करून राह्यला गा?" "खोडा. खोडाचा करतेत, म्हणून खोडा. पाय ठेव, माप पायतो." त्यानं हसत बसून दोन्ही पाय ठेवले. मागं उभे असलेले माझे वडील गावचे पाटील होते; त्यांनी वरचं लाकूड खाली दाबून खुंटी ठोकली. "आता सांग, वाटेत कापूस कोणाले इकला?" हल्ली कोणी सहज 'कामात खोडा घालू नको' म्हणालं, तरी मी पाय पोटाशी घेते.