तासबाईंची भरपगारी रजा

शाळेत सगळे त्यांना तासबाई म्हणत. रजेवरच्या शिक्षकांचे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, नाहीतर हात हलवत घरी, अशी त्यांची नोकरी. त्यामुळे कुठल्या सरांना शिंक आली तरी बाईंचे कान टवकारायचे. दुसऱ्याच्या आजारपणावर असा डोळा ठेवू नये, हे त्यांना कळत होतं. पण पोटाला कुठे कळतं? सुट्टी लागली की मुलं उड्या मारत आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळे.

तरी ते दिवस गोडच होते. आज भूगोल, उद्या गणित, परवा शिवणकाम. समोर येईल ते शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गोष्ट सांगायची. बाई दारात दिसल्या की वर्ग बाकं वाजवायचा.

मग बाई कायम झाल्या. महिन्याच्या महिन्याला पगार, सुट्टीचाही. औषधपाण्याचा खर्च, वर भरपगारी रजा. पहिला महिनाभर बाई गाढ झोपल्या. सुखाला नावं ठेवण्याइतक्या त्या करंट्या नव्हत्या. पण तोच वर्ग, तोच विषय, आणि रिकाम्या तासाला स्टाफरूममधला चहा. त्यांना करमेना.

एकदा शेजारच्या वर्गात सर नव्हते. गलका ऐकून सवयीने बाईंचे पाय तिकडे वळले. गोष्ट अशी रंगली की दाराकडे लक्षच गेलं नाही. तिथे त्यांच्या जागी आलेली नवी तासबाई उभी होती.

"अगं, ये ना आत."

"असू द्या बाई, तुम्हीच घ्या. मी पुढचा तास बघते."

त्या दिवशी पुढे एकही तास रिकामा नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली हौस फिटली आणि त्या पोरीचा घास गेला. आता कुठल्याही रिकाम्या वर्गात जायची सोय उरली नव्हती.

पुढच्या सोमवारी त्यांनी रजा टाकली.

"बरं नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"ठणठणीत आहे. पण मी नसले की माझे सगळे तास तिला मिळतील."

तो दिवस त्यांना खायला उठला. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं, तोच पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही परत कधी आजारी पडणार? नव्या बाईंची गोष्ट अर्धी राहिलीय."

वर्ग खिदळला. बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. एकेकाळी मुलं हाच प्रश्न दुसऱ्या बाईंना विचारायची, तासबाई मिळाव्यात म्हणून.

"पडेन गं," त्या म्हणाल्या, "अधूनमधून पडत जाईन. पुस्तकं काढा."